उद्घाटनाचा पाय

माझ्या डाव्या पायाचं उद्घाटन झालं तेव्हा मी जागा होतो की झोपेत, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. भाषणं ऐकू येत होती, त्यामुळे जागा असणार. पण ती बरी वाटत होती, त्यामुळे झोपेत असण्याचीही शक्यता आहे.

दुष्काळाच्या वर्षातला हिवाळा होता. मी नगरमधल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम करीत असे आणि केडगावहून सायकलवर ये-जा करीत असे. त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास डाव्या पोटरीत गोळा येऊ लागला. सायकलवरून उतरून जरा वेळ उभं राहिलं की जाई, चढलं की पुन्हा येई. मग सायकल बंद झाली. मग चालणंही छापखान्याच्या दारापासून खुर्चीपर्यंत आलं. करंगळीशेजारचं बोट जांभळं पडलं, त्यावर एक बारीकशी जखम झाली आणि ती काही भरेना. पाय खाटेवरून खाली लोंबता ठेवला तरच डोळा लागे. आमच्या मालकांनी मला दोन तेलं आणि एक ज्योतिषी सुचवला.

गावाबाहेर एक धर्मादाय दवाखाना होता. तिथल्या सर्जन एक बाई होत्या. पन्नाशीच्या, पांढरी साडी, बोलणं मोजकं. त्यांनी माझा पाय हातात घेतला, घोट्यापाशी आणि गुडघ्यामागे बराच वेळ बोटं दाबून ठेवली, आणि दुसऱ्या हाताने माझ्या खिशातलं सिगारेटचं पाकीट काढून टोपलीत टाकलं. मग म्हणाल्या की पायाकडे रक्त कमी जातंय. कुठे अडतंय ते बघायला हवं, आणि बघायचं तर रक्तवाहिन्यांचा फोटो काढायला हवा.

हाडांचा फोटो निघतो हे मला माहीत होतं. रक्ताचा कसा निघतो हे त्यांनी समजावून सांगितलं. साधा एक्स-रे रक्त आणि मांस यांत भेद करीत नाही. म्हणून जांघेतल्या ठोक्यावर सुई घालायची आणि मोठ्या धमनीत एक औषध सोडायचं. त्याला रंग म्हणतात, पण ते दिसायला पाण्यासारखं बिनरंगी असतं. एक्स-रेला मात्र ते हाडासारखं दिसतं. रक्ताबरोबर ते खाली वाहत जातं, तेवढ्यात पायाखालून एकामागून एक फिल्मा सरकवून फोटो घ्यायचे. औषध जिथवर पोचलं तिथवर वाट आहे, जिथे थांबलं तिथे नाही.

"गुडघ्याच्या खाली वाट दिसली," त्या म्हणाल्या, "तर कमरेतली एक नस, म्हणजे रक्तवाहिन्या आवळून धरणारा मज्जातंतू, कापून त्या सैल करता येतात. पाय राहतो. नाही दिसली तर गुडघ्याच्या वर कापावा लागेल. मधलं काही नाही."

असं स्वच्छ वाक्य मी छापखान्यात कित्येक महिन्यांत वाचलं नव्हतं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं, हीच त्यातली अडचण होती.

आजवर अशा फोटोसाठी लोकांना पुण्याला पाठवीत. पण त्याच सुमारास एका साखर कारखान्याच्या देणगीतून दवाखान्यात नवं एक्स-रे यंत्र येत होतं आणि त्याचं उद्घाटन व्हायचं होतं. दवाखान्याच्या चिटणीसांना नुसती फीत कापणं अपुरं वाटत होतं. पुण्याहून एक मोठे सर्जन येणार होते. त्यांच्या हस्ते पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक व्हावं, अशी कल्पना निघाली. त्यासाठी पाय हवा होता, आणि माझा मोकळा होता. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं. नको म्हणालात तर पुण्याला चिठ्ठी देते, असंही म्हणाल्या. मी हो म्हटलं. दोन दिवसांनी निमंत्रणपत्रिका आमच्याच छापखान्यात आली आणि मीच ती तपासली. पाहुण्यांच्या मागे विशेषणांची इतकी मोठी वरात होती की पाहुणे कुठे आहेत हे शोधावं लागे. माझा उल्लेख 'प्रात्यक्षिक' असा होता. मी तो तसाच राहू दिला.

तो रविवार होता. सकाळी मला स्ट्रेचरवरून एक्स-रेच्या खोलीत नेलं. समारंभासाठी खोलीची फरशी नुकतीच धुतली होती आणि ती वाळायला सगळ्या खिडक्या उघड्या टाकल्या होत्या. टेबलाचा पत्रा असा गार होता की पाठ टेकताना श्वास अडकला. पायाखाली एक लांबट लाकडी खोका होता. तो सुताराकडून करून घेतला होता आणि त्यात फिल्मांच्या पेट्या ओळीने बसवल्या होत्या. खटका दाबला की एक्स-रेवाल्याने पेटी ओढायची, पुढची आपोआप जागेवर येई. सिस्टरने जांघेपासून बोटांपर्यंत पाय स्पिरिटने पुसून काढला, दंडात झोपेचं इंजेक्शन दिलं आणि पायावर चादर टाकली. थोड्या वेळाने चिटणीस आले आणि त्यांनी चादर काढली. पाहुणे आत येतील तेव्हा सगळं तयार दिसलं पाहिजे, असं ते म्हणाले. छायाचित्रकारालाही पाय हवा होता, चादर नको होती. डॉक्टरीणबाई त्या वेळी चर्चमधून परस्पर मांडवात आल्या होत्या आणि त्यांना व्यासपीठावर नेऊन बसवलं होतं.

मग प्रमुख पाहुण्यांची वाट पाहणं सुरू झालं. ते निघाले आहेत, असं कर्णा सांगत होता. बऱ्याच वेळाने ते येताहेत असं सांगू लागला. निघणं आणि येणं यांच्यामध्ये कुठेतरी इंजेक्शनने मला उचललं.

ती अवस्था मला अजून आठवते आणि तिची थोडी ओढही वाटते. आधी छत दूर गेलं. मग खोलीच्या भिंती कापडासारख्या हलू लागल्या. खिडकीतून ऊन येत होतं पण ते माझ्यापर्यंत पोचत नव्हतं. टेबलाच्या अलीकडेच फरशीवर बसून होतं, एखाद्या पाहुण्यासारखं संकोचून. माझा पाय मला दिसत होता, पण तो माझा वाटत नव्हता. पहाटे नदीच्या पात्रात कुणी ओंडका टाकून गेलं असावं तसा तो पडला होता, आणि पात्र कोरडं होतं. मी सीना नदीच्या वाळूत झोपलो आहे असं वाटत होतं. पुलावरून माणसं चालली होती आणि चालता चालता भाषणं करीत होती. कुणीतरी विज्ञानाच्या गंगेबद्दल बोललं. कुणीतरी साखरेच्या पैशातून गोडवा पसरतो असं म्हणालं. मध्येच नावं पुकारली जात आणि प्रत्येक नावानंतर टाळ्यांचा एक लहानसा पाऊस वाळूवर पडून जिरून जाई. शाल आणि श्रीफळ, शाल आणि श्रीफळ, असं पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं, झोपाळ्याच्या कड्यांसारखं. गार लागत होतं, पण ते गार दुसऱ्या कुणाला तरी लागत होतं आणि त्याची मला फक्त कीव येत होती.

मग एकदम खोली माणसांनी भरली. जवळजवळ प्रत्येकाच्या खांद्यावर नवी शाल होती. पुण्याचे सर्जन उंच, रुबाबदार गृहस्थ होते. त्यांनी आपली शाल काढून चिटणीसांच्या हातात दिली, हात धुतले, हातमोजे चढवले. डॉक्टरीणबाई शिशाचा जाड एप्रन बांधून त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. जांघेत एक टोचणी, मग दुसरी, खोल. "हलायचं नाही," सर्जन म्हणाले आणि काचेच्या मोठ्या पिचकारीचा दट्ट्या त्यांनी अंगठ्याने एका दमात दाबला.

उकळता चहा कुणी पायाच्या आत ओतावा तसं झालं. मांडीतून ते खाली उतरत गेलं आणि गुडघ्याच्या आसपास कुठेतरी विझलं. खटका वाजला, पेटी सरकली, खटका, पेटी. त्याबरोबर छायाचित्रकाराचा दिवाही लखलखला. माझ्या आयुष्यात माझे इतके फोटो एका वेळी कधी निघाले नव्हते.

थोड्या वेळाने ओली फिल्म पाणी गाळीत बाहेर आली. सर्जननी ती दिव्यासमोर धरून पाहुण्यांना समजावून दिलं. ही मांडीतली धमनी, इथवर छान उतरलेली. हा गुडघा. आणि इथे खलास. खाली काळोख. पाहुण्यांनी माना हलवल्या. त्या माना कशासाठी हलत होत्या ते मला कळत होतं, पण ते गारठ्यासारखंच दुसऱ्या कुणाला तरी लागू होतं.

माझी बायको बाहेर मांडवाच्या कडेला बसली होती. ती कर्जतकडची. माझ्याशी लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी माझं छापील मराठी तिने अंगाला लावून घेतलं नव्हतं. तिला तिच्या नवऱ्याच्या पायाबद्दल पहिली बातमी कर्ण्यावरून मिळाली. दात्यांच्या औदार्यामुळे निदान वेळेवर झालं असून, पाहुणे सर्जन आज मुक्काम करतील आणि उद्या सकाळी स्वतःच्या हाताने रुग्णाचा पाय काढतील, असं चिटणीसांनी जाहीर केलं आणि मांडवात टाळ्या पडल्या. तिच्या शेजारच्या बाईनेही वाजवल्या. तिचा काही दोष नव्हता. कर्ण्यावर वाक्य संपलं की टाळ्या वाजवायच्या असतात.

दुपारी मी वॉर्डात होतो, जांघेवर वाळूची पिशवी, सरळ झोपलेला. झोपेचं औषध हळूहळू उतरत होतं आणि पाय पुन्हा माझा होऊ लागला होता. हे फारसं सुखाचं नव्हतं. बायको उशाशी बसून होती. पांघरूण पुन्हा पुन्हा खोचत राहिली.

दिवेलागणीच्या आधी डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी माझी नाडी पाहिली, जांघ पाहिली आणि उद्याचं कसं काय हे सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात माझी बायको बोलली.

"बाई, तुमी समद्यांनी शाली घेतल्या. ह्यांचा पाय तेवढा उघडा."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मला शाल नकोच होती."

"तुमाला नको हुती. पायाला पायजे हुती. खिडकीतनं बघत हुते मी. लई येळ तसाच पडला हुता, वल्ल्या फरशीवर मासळी टाकावी तसा. कुनी म्हनून एक शाल टाकली न्हाई."

"कुठला पाय? डावा?"

"दोनी. बाहेर आनला तवा हात लावला मी. ह्यो बी बर्फ, त्यो बी बर्फ. चांगला पाय चोळला म्या. आजाऱ्याला हात लावू नगं म्हनली सिस्टर."

बाईंनी माझं पांघरूण वर केलं. डाव्या पायाला हात लावला. मग उजव्याला लावला आणि तो तिथेच ठेवला. त्या कुठे बघत होत्या कुणास ठाऊक, पण माझ्याकडे नव्हे.

"हा पाय चांगला आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "सकाळी हाही बर्फ होता?"

"व्हय. सांगितलं की."

त्या स्टूल ओढून बसल्या. त्यांनी जे सांगितलं ते साधं होतं. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात. धडधाकट माणसाच्याही आकसतात, मग आजारी पायाच्या तर मिटूनच जातात. त्यात स्पिरिट उडून जाताना आणखी गार करतं. अशा पायात औषध सोडलं आणि लगेच फोटो काढला तर खाली काळोखच दिसणार. तो काळोख बंद वाटेचा आहे की गारठ्याचा, हे फिल्म सांगत नाही. "मी तिथे उभी होते," त्या म्हणाल्या. "मी हातमोजे घातले होते. पायाला हात लावलाच नाही."

पण त्यांनी दुसरी बाजूही सांगितली. कदाचित वाट खरंच बंद असेल, गारठा निमित्त असेल. एका दिवसात दुसऱ्यांदा तेच औषध देणं मूत्रपिंडांना जड जातं. त्याच धमनीला पुन्हा टोचलं आणि तिथे गुठळी झाली, तर आज गुडघ्यापर्यंत जे आहे तेही जाईल. मग अगदी जांघेजवळून कापावं लागेल. सर्जन सकाळी दहाला येणार, त्याआधी करायचं तर त्यांना न विचारता करावं लागेल. "ठरवा," त्या म्हणाल्या. "मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं, मला माहीत नाही."

मी बायकोकडे पाहिलं.

"पाय तुमचा हाय," ती म्हणाली. "पर कापल्यावर कोन सांगल, वाट हुती का न्हवती ती?"

मी पुन्हा काढू या म्हणालो. धैर्य वगैरे काही नव्हतं. ज्या मजकुराबद्दल शंका आहे तो पुन्हा तपासल्याशिवाय छापायला सोडायचा नाही, एवढी एकच सवय माझ्या अंगी होती.

सकाळी लवकर त्याच खोलीत गेलो, पण ती तीच खोली वाटत नव्हती. खिडक्या बंद होत्या. कोळशाची शेगडी बराच वेळ आत जळत ठेवून नुकतीच बाहेर नेली होती आणि टेबलावर गादी घातली होती. बायकोने आणलेली गोधडी माझ्या पायांवर होती. तिला रबराची गरम पिशवी थेट दुखऱ्या पायावर ठेवायची होती, पण बाईंनी ती काढून माझ्या पोटावर ठेवली. रक्त कमी पोचलेल्या कातडीला चटका कळत नाही आणि ती भाजते, पोट शेकलं की पाय आपोआप सैल होतात, असं त्या म्हणाल्या. माझे दोन्ही हात कोमट पाण्याच्या बादल्यांत सोडले. औषधाच्या बाटल्याही एका भांड्यात गरम पाण्यात उभ्या होत्या. थंड असताना ते औषध पाकासारखं दाट होतं आणि अडत अडत जातं, गरम केलं की नीट वाहतं. भाषण कुणाचंही नव्हतं. आज झोपेचं इंजेक्शन अगदी थोडं होतं, तरी त्या उबेत मी पुन्हा तसाच तरंगू लागलो. मात्र आज पाय माझ्याबरोबर होता.

रक्त थोडा वेळ अडवलं की सुटताना जोराने धावतं, म्हणून मांडीला रक्तदाबाचा पट्टा बांधून त्यांनी तो करकचून फुगवला. पाय पांढरा पडला, मग मुंग्यांनी भरला. थोड्या वेळाने पट्टा एकदम सोडला. आतून काहीतरी धावत खाली गेलं आणि पाऊल लाल झालं. सगळं नाही, पण टाचेपर्यंत झालं. बायकोला बाहेर पाठवलं होतं, नाहीतर तिने ते हात लावून पाहिलं असतं. मग सुई, मग औषध, कालच्यापेक्षा सावकाश. पुन्हा तो आतला चहा. पण आज तो गुडघ्याशी विझला नाही. पातळ होत, रेंगाळत, वाट चुकत खाली उतरला.

एक्स-रेवाल्याचा हात खटक्यावर होता. तो म्हणाला की काल एवढ्यात तर आपण खालचाही फोटो काढला होता.

"काल घाई होती," बाई म्हणाल्या. "थांबा."

खोलीत फक्त बादलीतलं पाणी माझ्या बोटांना लागत असल्याचा आवाज होता.

"थांबा. अजून. आता."

फिल्म बाहेर आली तेव्हा त्यांनी ती आधी मला दाखवली. गुडघ्यापाशी मोठी धमनी संपत होती हे खरंच होतं. काल सर्जन खोटं बोलले नव्हते. पण संपण्याच्या जरा वरून, दोन्ही बाजूंनी, केसांसारख्या नागमोडी रेघा निघाल्या होत्या. त्या गुडघ्याला वळसा घालून खाली आल्या होत्या आणि पोटरीत पुन्हा एकत्र होऊन एक बारीक रेघ घोट्यापर्यंत गेली होती. त्या वर्षी गावोगाव लोक कोरड्या नद्यांत झिरे खणून घोटघोट पाणी भरत होते. वरून पाहिलं तर नदी मेलेली, वाळू हाताने बाजूला केली की खाली ओल. मी त्या फिल्मकडे पाहत राहिलो. माझ्या आत असा प्रदेश आहे आणि तो माझ्या नकळत स्वतःची सोय लावत बसला आहे, याचं मला राहून राहून नवल वाटत होतं.

दहाला सर्जन आले. बाईंनी दोन्ही फिल्मा खिडकीच्या काचेला लावल्या. ते बराच वेळ पाहत राहिले.

"कालच्याच पायाची?" त्यांनी विचारलं.

"त्याच. फक्त आज त्याला थंडी वाजत नव्हती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग काचेकडे. मला वाटलं आता मोठा माणूस रागावणार. पण ते खुर्चीत बसले आणि म्हणाले की त्या खोलीत काल त्यांनाही थंडी वाजत होती, म्हणूनच लवकर उरकलं. चिटणीस मागे उभे होते. त्यांनी दबक्या आवाजात आठवण करून दिली की पाय काढल्याची बातमी वर्तमानपत्राकडे आधीच गेली आहे.

"छापू द्या," सर्जन म्हणाले. "पाय मात्र राहू द्या."

बातमी छापून आलीच. आमचे मालक मला भेटायला आले तेव्हा हळहळलेला चेहरा करूनच आले आणि पांघरुणाखाली दोन पाय पाहून थोडे खट्टू झाल्यासारखे वाटले.

दोन्ही वेळची औषधं शरीरातून निघून जाईपर्यंत बाईंनी काही दिवस जाऊ दिले आणि मग कमरेतली नस स्वतः कापली. ते जांभळं बोट गेलं. त्याबद्दल मी कधी फार विचार केला नाही. बाकीचा पाय राहिला. सिगारेट सुटली. सायकल पुन्हा सुरू झाली नाही, पण केडगावच्या वस्तीतून रस्त्यापर्यंत, आणि पुढे एस.टी.ने छापखान्यापर्यंत, मी बरीच वर्षं जात राहिलो.

नस कापल्याचा एक परिणाम मला कुणी आधी सांगितला नव्हता. त्या पायाला घाम येत नाही, आणि तो दुसऱ्यापेक्षा जरा ऊबदार राहतो. उन्हाळ्यात उजव्या चपलेत पावलाचा ओला काळपट ठसा उठे, डावी चप्पल मात्र दुकानातून आणल्यासारखी कोरडी. हिवाळ्यात अंथरुणात पडलं की दोन पाय दोन वेगवेगळ्या ऋतूंत असल्यासारखे वाटत. संध्याकाळी मी खाटेवर वाचत बसलेला असलो की बायको चुलीपुढून उठून येई, पदराला हात पुसून डाव्या पावलावर तळवा ठेवी आणि "हाय गरम" म्हणून परत भाकरी थापायला जाई. मी पुस्तकातून डोळे वर काढत नसे, पण तिचा हात उठेपर्यंत पान मात्र उलटत नसे.